हिडेन्झेच्या बर्फावर आम्ही दोघी

फेब्रुवारीत हॅनोव्हरहून समुद्रावर कुणी जात नाही. मी रजेचा अर्ज टाकला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईने दोनदा विचारलं, "बाल्टिक? आत्ता?" मी म्हटलं, "सासूबाईंना गोठलेला समुद्र पाहायचाय." त्यावर ती "आख झो", म्हणजे "असं होय", म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

झालं असं होतं, की टीव्हीच्या बातम्यांत एका बेटाकडे जाणारी फेरीबोट दाखवली होती. दोन्हीकडे पांढराशुभ्र बर्फ आणि मधून काळं पाणी कापत चाललेली बोट. आमची नऊ वर्षांची तारा आजीला ते सगळं जर्मनमधून समजावून सांगत होती. आजीला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण चित्र कळलं. "समुद्रावर चालता येते म्हणते का ही?" आईंनी मला विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्या संदीपला म्हणाल्या, "मला ते दाखव."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर सिस्टर होत्या. सासरे मागल्या वर्षी गेले, त्यानंतर पहिल्यांदाच त्या आमच्याकडे आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. संदीप येणार, तारा येणार, असं ठरलं होतं. मग संदीपच्या कारखान्यात एका मशीनची चाचणी पुढे ढकलली गेली, ताराच्या शाळेतून सुट्टी मिळेना, आणि उरलो आम्ही दोघी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आईंबरोबर मी सलग चार तासही एकटी राहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गेलं वर्षभर संदीप नागपूरला परत जायचं म्हणत होता. बुटीबोरीतल्या एका कंपनीशी त्याचं बोलणंही झालं होतं. आई एकट्या पडल्यात, हे त्याचं कारण. मी त्याला नाही म्हटलं नव्हतं. "पाहू," म्हटलं होतं. माझ्या माहेरी, पिंपरीला, "पाहू" म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. संदीपला ते कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आणि आईच फोनवरून त्याला बोलावत असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

फेरीबोट

गाडी, मग बस, मग शाप्रोडे नावाच्या छोट्याशा बंदरातून बोट. बेटाचं नाव हिडेन्झे. नकाशात ते रूगेन या मोठ्या बेटाच्या पश्चिमेला, एखादी पातळ चिंधी वाऱ्यावर उडून अडकावी तसं दिसतं. त्याच्या पश्चिमेला खुला समुद्र आहे, पूर्वेला मोठी खाडी. या खाडीला इथे बोडन म्हणतात. पाणी उथळ, जेमतेम खारं, त्यामुळे कडक हिवाळ्यात ती गोठते. बोटीसाठी तेवढी एक वाट बर्फ फोडून मोकळी ठेवतात.

बाकीचे प्रवासी आत जाऊन कॉफी घेत बसले. आई कठड्याला धरून बाहेर उभ्या राहिल्या. अंगात सलवार, वरून संदीपची बर्फातली पॅन्ट, त्याचंच जाकीट, आणि डोक्याला घट्ट बांधलेली त्यांची तपकिरी शाल. बोटीच्या पोटाला बर्फाचे तुकडे घासत होते. पत्र्याची कपाटं फरशीवरून ओढावीत तसा आवाज. एखादी लादी उलटी व्हायची आणि तिची खालची बाजू दिसायची, काचेच्या जाड बाटलीसारखी हिरवट.

मला वाटलं होतं, बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये एक सरळ रेघ असेल. तशी नव्हती. काही ठिकाणी बर्फ सुरीने कापल्यासारखा संपायचा. काही ठिकाणी तो पातळ होत होत सायीसारखा व्हायचा, बोटीची लाट आली की वाकायचा आणि मोडायचा नाही. बघता बघता तो बर्फ आहे की पाणी, हेच सांगता यायचं नाही. त्या काठावर शेकडो बदकं दाटीवाटीने बसली होती.

"कुठपर्यंत भरवसा ठेवायचा, हे यांना कसं कळते?" आईंनी विचारलं.

"हलकी असतात ना ती."

"हं," म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं नाही हे मला दिसलं.

फिट्टे गावाच्या धक्क्यावर येन्स नावाचा माणूस घोडागाडी घेऊन उभा होता. बेटावर मोटारी नाहीत. चाळिशीचा, लाल गालांचा, बोलणं अगदी कमी. आमच्या बॅगा त्याने गाडीत टाकल्या आणि आईंना चढायला हात दिला. आईंनी त्याचा हात न धरता गाडीची कड धरली आणि उजवा गुडघा सांभाळत स्वतःच चढल्या.

आमची राहायची सोय फ्राऊ लांगे यांच्या घरी होती. वेताच्या जाड छपराचं बसकं घर, तीन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांनी तळलेली हेरिंग आणि बटाटे वाढले, आणि त्याबरोबर एका केशरी फळाचा गरम रस. त्याला इथे झांडॉर्न म्हणतात. चव कच्च्या कवठासारखी आंबट. आई भंडाऱ्याच्या, तलावांच्या जिल्ह्यातल्या. मासे त्यांना नवे नव्हते. त्यांनी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली, हेरिंगला बोटभर लावली आणि बाटली फ्राऊ लांगेंच्या पुढे सरकवली. फ्राऊ लांगेंनी सुरीच्या टोकावर घेऊन चाखलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा घेतलं. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. दोघीही विधवा, दोघींचं वय साधारण सारखं, आणि एकीलाही दुसरीचं एक अक्षर कळत नव्हतं. मीच मध्ये दुभाषी, आणि खरं सांगायचं तर मी जरा आळशी दुभाषी आहे. लांबलचक वाक्याचं मी अर्ध्यावर आणते.

बर्फावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी खिडकीपाशी बसून वंदना म्हटली. बाहेर पिवळसर ऊन होतं. बर्फावर दूर दोघं-तिघं चालताना दिसत होते, मागे एक कुत्रं.

फ्राऊ लांगेंनी नाश्त्याच्या वेळी सगळं नीट सांगितलं होतं. बर्फावर जायला परवानगी कुणी देत नाही, जो जातो तो आपल्या जबाबदारीवर. गावापासून कोळ्यांच्या खांबांच्या रांगेपर्यंत बर्फ वीतभर जाड आहे. खांबांच्या पलीकडे जायचं नाही. भिंतीवरच्या हवामापकाला बोटाने टकटक करून त्या पुढे म्हणाल्या, "तर मग, दुपारी वारा पश्चिमेला फिरेल. बारापर्यंत घरी. पश्चिमेचा वारा बर्फाला किनाऱ्यापासून ढकलतो."

मी आईंना सांगितलं, "खांबांपर्यंतच जायचं म्हणतात. आणि जेवायला वेळेवर या म्हणतात."

एवढंच सांगितलं. वाऱ्याचं मी सांगितलं नाही. या देशात चौदा वर्षं राहून माझी अशी समजूत झाली होती, की जर्मन माणूस सावधगिरीचा इशारा शेंगदाण्यासारखा वाटत फिरतो. त्यातले निम्मे ऐकायचे नसतात.

निघायलाच साडेदहा झाले. किनाऱ्यावरचे वाळलेले बोरू ओलांडून आम्ही बर्फावर उतरलो. आईंनी आधी एक पाय ठेवला, मग थांबल्या, मग दुसरा. वर दोन बोटं बर्फाचा भुगा होता, त्यामुळे घसरायला होत नव्हतं. पन्नास पावलांनंतर त्यांनी माझा दंड सोडला.

"आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब सोबत असते तर म्हणाले असते, सिस्टर, बीपी पाहून घ्या आधी," त्या म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. घरी त्या नेहमी आवरत असतात, काहीतरी घड्या घालत असतात. इथे आवरायला काहीच नव्हतं.

खांबांपाशी पोचलो. तिथून शंभरेक पावलांवर बर्फ संपत होता आणि बोटीच्या वाटेचं काळं पाणी सुरू होत होतं. पाण्यातून वाफ निघत होती. काठावर एक मोठा तपकिरी गरुड बसला होता, पाठमोरा, अगदी निवांत. त्याच्या समोर पाण्यात काळ्या पाणकोंबड्यांचा घोळका एकमेकींना चिकटून गोल गोल फिरत होता. ज्या कडेच्या होत्या त्या आत शिरायला बघत होत्या.

आईंनी स्टीलच्या डब्यातून तिळाचे लाडू काढले. आम्ही उभ्यानेच खाल्ले. बाराला दहा मिनिटं कमी होती. आई म्हणाल्या, "चल आता. गुडघा थंड पडून राह्यला."

मी म्हटलं, "पाच मिनिटं आई. तो उडेल आता." मला गरुड उडताना फोनवर टिपायचा होता. ताराला दाखवायला. सकाळपासून मी चित्रीकरणच करत होते. पाच मिनिटांची वीस झाली. गरुड अखेर उडाला, घोळक्यावर झेपावला आणि रिकाम्या पायांनी परत येऊन बसला.

आणि तेव्हा माझ्या डाव्या गालाला लागणारा वारा उजव्या गालाला लागायला लागला.

एक बारीक, लांब आवाज बर्फातून गेला. ताणलेल्या तारेवर कुणी काठी मारावी तसा, आमच्या पायाखालून किनाऱ्याकडे. मागोमाग एक खणखणीत आवाज, बंदुकीच्या बारासारखा. दिसलं काहीच नाही.

"हे काय होते?" आईंनी विचारलं.

"बर्फ असा वाजतो. फ्राऊ लांगे म्हणाल्या होत्या," मी खोटंच सांगितलं. "चला."

आम्ही निघालो तोवर बेट दिसेनासं होऊ लागलं होतं. समोरून ओलसर, करडं धुकं येत होतं, त्यात बर्फाचा भुरभुरता पाऊस. आमच्या स्वतःच्या पावलांच्या खुणा धरून चाललो होतो. अर्ध्याच्या वर आलो असू, आणि खुणा संपल्या. म्हणजे आमच्या बाजूला संपल्या. पुढे दीड हातावर त्या पुन्हा सुरू होत होत्या, आणि मध्ये काळं पाणी होतं.

नुकत्याच ओतलेल्या डांबरासारखा तो पट्टा उजवीकडे आणि डावीकडे धुक्यात शिरला होता. पलीकडचा बर्फ जागेवर पक्का होता, कारण तो उथळ पाण्यात तळाला टेकलेला होता. आमचा तरंगत होता. हे मला नंतर येन्सने सांगितलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की दीड हाताचे दोन हात होत आहेत.

"उडी मारता येईल, आई. मी हात धरते."

आईंनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा गुडघा पायरी चढत नाही वैशाली."

आम्ही काठाने उजवीकडे गेलो. तिथे फट अरुंद होती, पण कड पावाच्या तुकड्यासारखी भिजून सुटत होती. माझा एक पाय टेकताच कोपरा निघाला. आईंनी मला जाकिटाला धरून मागे ओढलं. एवढी ताकद त्यांच्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी फोन काढला. चार टक्के. मदतीचा नंबर, एकशे बारा, लावला. एका बाईचा शांत आवाज आला. मी म्हटलं, "हिडेन्झे, फिट्टे, आम्ही बोडनवर आहोत, बर्फ तुटलाय, दोन जणी." ती म्हणाली, "नेमकं कुठे? बंदराच्या कोणत्या बाजूला?" मी तोंड उघडलं आणि फोन बंद पडला. आईंच्या फोनमध्ये इथलं कार्ड नव्हतं, तो घराच्या वाय-फायवरच चालायचा, आणि म्हणून घरीच होता.

"कळलं त्यांना?" आई.

"कळलं असेल."

"असेल का आहे?"

"माहीत नाही, आई."

मग मी त्यांना सकाळचं सांगितलं. फ्राऊ लांगेंनी बारापर्यंत यायला सांगितलं होतं, वारा फिरणार हे सांगितलं होतं, मी ते तुम्हाला सांगितलं नाही.  मला वाटलं त्या रागावतील. त्या डब्यावर बसल्या, माझ्याकडे बघत.

"तू मला सगळं सांगत नाहीस, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नागपूरचंही नाही सांगितलं."

"काय नागपूरचं?"

"तुला यायचं नाही."

 पट्ट्यातलं पाणी कडेला लप लप करत होतं. धुक्यात सायरनचा आवाज येतो का म्हणून मी कान देत होते. काही येत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मला यायचं नाही. पण तुम्ही त्याला बोलावलंय तर..."

"मी?" त्यांनी शाल कानावरून सरकवली, नीट ऐकू यावं म्हणून. "मी कधी बोलावलं? तो दर रविवारी विचारते, आई एकटं वाटते का. आता माणूस गेला तर एकटं वाटणारच ना बाई. मी हो म्हणते. तो समजते, आई बोलावून राहिली." त्यांनी शाल पुन्हा कानावर ओढली. "माझ्या घरी रोज सकाळी बायका बीपी मोजायला येतात. बुधवारी विहारात जाते. मला कोणी विचारलंच नाही, की तुला ते यायला पाहिजे का."

बर्फ पुन्हा वाजला. या वेळी आमच्या मागे. दोघीही उठून उभ्या राहिलो. फट आता माझ्या उंचीपेक्षा थोडी कमी, एवढी झाली होती.

"उडी मार," आई म्हणाल्या.

"तुम्हाला सोडून नाही जाणार मी."

"इथं दोघी बसून काय करणार? त्यांना जागा माहीत नाही. तू जा, जागा दाखव. पाच मिनिटांनी तुलाही नाही जमणार."

"आई..."

"वैशाली." हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. वॉर्डातला असणार. "पिशवी खाली ठेव. दहा पावलं मागे जा. कडेवर पाय देऊ नको, कडेच्या आधीच उडी घे. खाली पाहू नको."

मी दहा पावलं मागे गेले. आता जे लिहिते ते मी त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्यांनी आणखी एकदा सांगायची मी वाट पाहिली नाही. मला जायचं होतं. मला तारा दिसत होती, आणि मला त्या पाण्याच्या पलीकडे असायचं होतं. मी धावले.

छातीवर पडले. डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. थंडी वाटली नाही, पोटरीला कुणीतरी चावल्यासारखं वाटलं. हातांनी ओढत वर आले. वळून पाहिलं तर आई उभ्या होत्या, शालीत, हात छातीशी घेऊन. त्यांनी एकदाच हात झटकला. जा.

मी गेले. पायातल्या बुटात पाणी पचपचत होतं. बोरूंतून वर आले, रस्त्याला लागले, आणि तेव्हा गावाचा सायरन सुरू झाला. रडायला आलं. फोनवरच्या बाईला गाव कळलं होतं. पण माणसं बंदरावर जमली होती, अर्धा किलोमीटर लांब, कारण त्यांना तीच जागा सुचली होती. मी तिथे पोचले तेव्हा ते दुर्बिणीतून चुकीच्या धुक्याकडे बघत होते. सगळे गावचेच स्वयंसेवक. केशरी पोशाखात एकजण माझ्याकडे पळत आला. येन्स.

"कुठे?"

मला "खांबांकडे" हा शब्द जर्मनमध्ये आठवेना. मी नुसता हात केला. "माझ्या पावलांच्या खुणा आहेत," म्हटलं. "तिथून आत." एकाने माझ्याभोवती ब्लँकेट टाकून मला बसवायला पाहिलं. मी बसले नाही. त्यांनी एक लांब, दोन्ही टोकांना वर वळलेली घसरगाडी उचलली आणि आम्ही खुणांमागून धावलो.

काठाशी पोचलो तेव्हा फट एखाद्या रस्त्याएवढी रुंद झाली होती. माझी पिशवी पलीकडे पडलेली दिसत होती, तिचा एक बंद पाण्यात. आई नव्हत्या.

मी हाक मारली. येन्सने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. वारा होता, पाणी होतं. मी पुन्हा हाक मारली. "आई, अहो आई." काहीच नाही. पिशवीजवळची कड ताजी तुटलेली होती, पांढरी नव्हती, निळसर होती. माझ्या शेजारच्या माणसाने ती पाहिली आणि नजर खाली घातली, हे मला दिसलं. त्या वेळी माझ्या मनात एकच वाक्य आलं. संदीपला मी काय सांगू.

मग ठण असा आवाज आला. थांबून पुन्हा, ठण, ठण. स्टीलवर स्टील. डब्यावर झाकण.

"तिथे," येन्स म्हणाला.

त्या कडेपासून चाळीसेक पावलं आत होत्या, आडव्या पडून. कड तुटायला लागली तशा त्या सरकत मागे गेल्या होत्या, मग उभं राहायचा भरवसा वाटेना म्हणून पोटावर निजल्या होत्या. माझी हाक त्यांना ऐकू येत होती, पण थंडीने घशातून आवाज फुटत नव्हता.

येन्स घसरगाडीवर पालथा पडला. बाकीच्यांनी त्याच्या कमरेची दोरी धरली. तो हातातल्या दोन टोच्यांनी बर्फावरून स्वतःला ओढत पाण्यात उतरला, पार झाला, वर चढला आणि धुक्यात आईंपाशी पोचला. तिथे काहीतरी अडलं. दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, तो जर्मनमध्ये, त्या मराठीत. आता त्यांचा आवाज फुटला होता.

"वैशाली," त्या ओरडल्या, "याला सांग, उजवा पाय धरू नको. डावा धर."

मी पाण्यावरून ओरडून सांगितलं. "लिंक्स," म्हणजे डावा, असं येन्सने पलीकडून उत्तर दिलं. "हो, लिंक्स." माझ्या शेजारचा माणूस हसला.

परत येताना घसरगाडी मध्यावर खोल गेली. आईंच्या पिंढऱ्यांवरून पाणी गेलं. पाचजणांनी दोरी ओढली आणि ती वर आली. मी त्यांचे हात धरून जोरजोराने चोळायला लागले. ते लाकडासारखे झाले होते.

"चोळू नको," त्या म्हणाल्या. ओठ निळे होते, शब्द तुटक येत होते. "आधी छाती गरम कर. हातपाय मग." जिने उष्माघाताचे पेशंट सांभाळण्यात हयात घालवली, तिला हेही माहीत होतं. येन्सने मला विचारलं, काय म्हणतात. मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि त्यांच्या जाकिटात उबेच्या पिशव्या घातल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाला.

घरी

दवाखान्यात न्यायची गरज पडली नाही. बेटावरच्या डॉक्टरबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. फ्राऊ लांगेंनी मला एकच वाक्य सुनावलं, आणि त्यात आवाज चढवला नाही. "मी बारा म्हटलं होतं." मी म्हटलं, "हो. तुम्ही म्हटलं होतं." मग त्या आत गेल्या आणि आईंसाठी कोंबडीचं सूप घेऊन आल्या. ते त्यांनी स्वतः चमच्याने भरवलं. आईंनी भरवून घेतलं, हे त्याहून नवल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॅनोव्हरला पोचलो. फोनवर आईंनी संदीपला थोडंसं सांगितलं होतं, बर्फ तुटला, लोकांनी आणलं, आता ठीक आहे. मी काय केलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तारा झोपायला गेल्यावर मी ते सांगितलं. इशारा न सांगितल्याचं, गरुडाचं, आणि उडीचं. काही गाळलं नाही.

 संदीप म्हणाला, "तू तिला तिथे एकटीला सोडून आलीस?"

त्याने ते आवाज न चढवता विचारलं. आई सोफ्यावर पायांवर रजई घेऊन बसल्या होत्या.

"सोडून नाही," त्या म्हणाल्या. "आणायला गेली होती."

"पण आई..."

"मी पाठवलं. नसती गेली तर दोघी गेलो असतो. आता दुसरं ऐक." त्यांनी रजई सारखी केली. "मला नागपुरात एकटं वाटते. तुम्ही इथं असलात तरी वाटेल, तिथं आलात तरी वाटेल. ते तुझ्या बाबांचं आहे, तुझं नाही. तुला तिथं नोकरी करायची असेल तर ये. पण माझं नाव सांगून येऊ नको. आणि हिला विचारलं का तू?"

संदीपने माझ्याकडे पाहिलं. पूर्ण वर्षभरात त्याने मला सांगितलं होतं, समजावलं होतं, आकडे दाखवले होते, ताराच्या शाळेची माहिती काढून दिली होती. विचारलं नव्हतं. आणि मीही "पाहू" म्हणत राहिले होते, म्हणजे त्याचाच एकट्याचा दोष होता असं नाही.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

आई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. "तुम्ही बोला," म्हणाल्या, आणि ताराच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मग मी त्याला सांगितलं. मला परत जायचं नाही, हे वर्षभर दडवलेलं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सांगून झाल्यावर तो रागावला नाही. उठून त्याने चहा टाकला, आणि दुधासाठी फ्रिज उघडून तसाच उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याचा खांदा हलत होता. बाबा गेल्यापासून तो रडला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.